पिवळ्या झाकणाची बाटली

फेब्रुवारी सरत आला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीमागे, धुळीत खड्डे दिसायला लागतात. महापालिकेचे नव्हेत, ते बारमाही असतात. हे रुपयाच्या नाण्याएवढे, तोंडाशी गोल आणि तळाशी निमुळते, कुणीतरी नरसाळं दाबून काढल्यासारखे. तळाच्या धुळीत एक किडा दडून बसलेला असतो. मुंगी काठावरून घसरली की तो खालून डोक्याने धूळ उडवतो, मुंगीच्या पायाखालची कड आणखी ढासळते आणि ती थेट त्याच्या जबड्यात जाते. लहानपणी काडी घालून हा किडा ज्याने उकरून काढला नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. नाव विचारलंत तर मात्र जो तो डोकं खाजवेल. आम्ही कॉलेजात त्याला अँटलायन म्हणतो. खरं तर अँटलायनची अळी म्हणायला हवं, कारण मोठेपणी त्याला चांगले लांब पंख फुटतात आणि तो उडून जातो. पण एवढं सगळं दर वेळी कोण म्हणत बसणार.

गेल्या महिन्यात मी तिथे उकिडवी बसले होते, हातात चहाचा चमचा आणि पांढरी बशी. दुसऱ्या मजल्यावरच्या सामंतबाई स्कूटर लावायला आल्या.

"काही पडलं का मॅडम? कानातलं?"

"नाही हो. किडा बघतेय."

"अगंबाई! पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देऊ?"

मी नको म्हटलं. डोंबिवलीत बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने पार्किंगमध्ये बसून आपल्याला एक किडा ओळखता येतो का हे तपासून पाहावं, हे त्यांना कसं समजावणार? येत्या एप्रिलअखेर मी रिटायर होतेय. कपाट आवरून झालंय, किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते ठरलंय. फक्त एका मुलीला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, अकरा वर्षं. ती सांगितल्याशिवाय मला या कॉलेजातून बाहेर पडता येणार नाही असं वाटत होतं. आणि ती गोष्ट नेमकी काय आहे, याबद्दलच माझा गोंधळ उडालेला होता.

प्रॅक्टिकल परीक्षांचे दिवस मला नाकाने कळतात. लॅबची कपाटं उघडली की फॉर्मालिनचा वास येतो, डोळे चुरचुरतात. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरून एमआयडीसीचा वास आत येतो. त्यातला कुठला कुठला, हे ठरवायचं आम्ही केव्हाच सोडून दिलंय. दुपारी पंखा गरम हवाच ढवळत राहतो, कुणाच्या तरी जर्नलची पानं फडफडतात, बेसिनच्या नळाला पाणी नसतं. कॉरिडॉरमध्ये मुली येरझाऱ्या घालत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असतात. मला या दिवसांत दर वर्षी उगीचच धडधडतं, परीक्षा माझी नसली तरी. गंमत म्हणजे धुळीतले खड्डेही नेमके याच दिवसांत. कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी, जिथे पत्र्याची शेड आहे, तिथे ते शेकड्याने असतात, आणि मुलं त्यांच्यावर चपला ठेवून पुस्तकातला अँटलायन पाठ करत उभी असतात.

परीक्षेत एक भाग असतो स्पॉटिंगचा. लांब टेबलावर ओळीने बाटल्या मांडायच्या, प्रत्येकीत एक मेलेला प्राणी आणि बाहेर, नावाच्या लेबलावर चिकटवलेला, नुसता नंबर. मूल एका बाटलीसमोर तीन मिनिटं उभं राहतं, घंटा वाजली की पुढच्या बाटलीकडे सरकतं. प्राणी ओळखा, दोन लक्षणं लिहा. नावाला एक मार्क, लक्षणांना दोन. कागदावर फार शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात मुलं प्राणी ओळखत नाहीत, बाटली ओळखतात. तोंडाशी तडा गेलेली विंचवाची, मेण ओघळलेली गोमेची, आणि पिवळ्या झाकणाची अँटलायनची. ही यादी वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना देऊन जातात, नोट्सपेक्षा जास्त जपून. लक्षणंही सगळ्यांची एकच: 'जबडे कोयत्यासारखे वाकडे', आणि 'उलटा चालतो'. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षं निपचित पडलेला किडा यांना उलटा चालताना कधी दिसतो, असं मी कितीतरी वेळा वर्गात विचारलंय. मुलं हसतात, मीही हसते, आणि मार्क देऊन टाकते.

हे मी असं सांगतेय, जणू मुलंच तशी. मीही झाकणच बघत होते. आधी कधीतरी आतला किडा बघत असणार, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत. मग कधी थांबले? काही केल्या आठवत नाही.

माझं लहानपण ठाण्याजवळच्या माजिवड्याचं. आता तिथे हायवेवर पुलावर पूल आहेत आणि आमचं घर त्यांच्यातल्या कुठल्या खांबाखाली गेलं ते मला दाखवता यायचं नाही. तेव्हा शाळेच्या पायऱ्यांच्या आडोशाला सुकी माती असायची. आम्ही मुली किडे काढून तळहातावर घ्यायचो. हातावर ठेवला की तो मागे मागे सरकायचा, बोटांच्या बेचक्यात शिरायला बघायचा, आणि त्याच्या पोटाच्या केसांनी गुदगुल्या व्हायच्या. त्या वयात मला त्याचं एकही लक्षण माहीत नव्हतं. जबड्याला दात असतात हे माहीत नव्हतं. पण डोळे मिटून कुणी तो हातावर ठेवला असता तर मी ओळखला असता. पुढे मी त्याची दहा लक्षणं शिकले, मुलांना शिकवली, आणि ओळखायची वेळ आली तेव्हा मी काय बघितलं, तर झाकण. शिकल्यामुळे असं झालं, की शिकवल्यामुळे, की नुसत्या आळसाने, हे मला खरंच सांगता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी, त्या परीक्षेच्या वर्षी, बाटल्यांमधलं फॉर्मालिन उडून गेलं होतं, नमुन्यांची डोकी उघडी पडली होती. आमच्या लॅबचे शिपाई पेडणेकरमामा. आमच्याकडे सगळे शिपाई मामाच असतात. त्यांनी जानेवारीत दोन दिवस खपून साठ-सत्तर बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या, नवीन द्रावण भरलं. पाण्यात लेबलं सुटली. ती त्यांनी वर्तमानपत्रावर वाळवून परत चिकटवली. झाकणंही उन्हात मांडली होती, पांढरी, काळी आणि एक पिवळं. तिथून जाताना मी म्हटल्याचं आठवतं, "मामा, अदलाबदल नाही ना व्हायची?" ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं हेच करतोय." असं मी खरंच विचारलं होतं, की हे वाक्य मी नंतर स्वतःच्या समाधानासाठी तिथे घातलं, कळत नाही. पेडणेकरमामांचं उत्तर मात्र स्पष्ट ऐकू येतं, म्हणजे विचारलं असेलच.

परीक्षेच्या सकाळी मी बाटल्या मांडल्या. सात नंबरला पिवळं झाकण. आत तळाशी काहीतरी करडं होतं, बोटाच्या पेराहून लहान. उत्तरांच्या कागदावर सातसमोर मी अँटलायन लिहिलं आणि पुढची बाटली उचलली.

बेचाळीस मुलं होती. एक्केचाळीस जणांनी सात नंबरला अँटलायन लिहिलं. बेचाळिसावी विशाखा म्हात्रे.

विशाखा इथल्याच मानपाड्याच्या जुन्या गावातली. घरची शेती होती, तिच्यातली बरीचशी आता टॉवरखाली गेलेली. उरलेल्या तुकड्यात तिची आई वांगी-भेंडी लावायची. त्या घरातून सायन्सला आलेली ती पहिलीच. एमएस्सी करणार, किड्यांवरच करणार, हे ती कँटीनवाल्यालासुद्धा सांगून बसली होती. तिची एक खोड होती. जर्नलमध्ये ती पुस्तकातली आकृती उतरवायची नाही, समोर असेल ते काढायची. एकदा तिच्या झुरळाला पाचच पाय होते. मी विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, याचा एक तुटलाय." मी लाल पेनने लिहिलं, 'सहा काढ', आणि वही परत केली. तिने निमूटपणे सहावा पाय काढून आणला.

सात नंबरला तिने लिहिलं होतं, लेसविंगची अळी. लेसविंग म्हणजे जाळीदार पंखांचा हिरवा नाजूक किडा. त्याची अळी म्हणजे अँटलायनची चुलत बहीण. जबडे तसेच वाकडे, पण ती खड्डा करत नाही, पानांवर फिरते आणि मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, खाते. लक्षणं विशाखाने अशी दिली होती: जबड्यांना आतल्या बाजूने दात नाहीत. अंग लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं. दोन्ही बाजूंना केसांचे झुबके. पेपर वाचताना मी एक क्षणभर थांबले होते, एवढं नक्की. मग कल्याणहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना तो दाखवला. ते वडापाव खात होते.

"बाकीच्यांनी काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"अँटलायन. सगळ्यांनी."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि मी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मुलांनी आपापसात उत्तरं जुळवली होती, तिचं एकटीचं वेगळं निघालं होतं.

"मॅडम, सात नंबर काय होतं?"

"अँटलायन."

"पण मॅडम, त्याला दात नव्हते. आमच्या घरामागे खड्डे असतात ना, मी लहानपणापासून काढलेत ते किडे. त्याचं पोट असं गोल, फुगलेलं असतं. हा बारीक होता. असले आमच्या वांग्यांवर असतात."

"जुना नमुना आहे गं. फॉर्मालिनमध्ये आकसतो. दात झिजतात."

दात झिजतात! मेलेल्या किड्याचे दात कशाने झिजणार? काय चावत होता तो बाटलीत बसून? बोलता बोलता मला ते कळलं, आणि तिलाही कळलं असणार. मग अगदी सरळपणे, उद्धटपणाचा लवलेश नसताना, तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही मोजलेले का दात?"

स्टाफरूममध्ये आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"हो," मी म्हटलं. "एकेका जबड्याला तीन."

"बरं मॅडम. मग मलाच नीट दिसलं नसेल."

ती गेली. लॅब पंधरा पावलांवर होती, किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. बाटली उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी उठले नाही. बघितलं आणि ती बरोबर निघाली तर पुढे काय, या भीतीने उठले नाही. तीन मार्कांनी तिचं काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खरंच तिला फर्स्ट क्लास मिळाला.

एमएस्सीला मात्र ती गेली नाही. एक-दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं, ती मानपाड्याला घरच्याच जागेत नर्सरी चालवते, रोपं विकते. मला वाईट वाटलं. घरच्यांनी नको म्हटलं असेल, लग्नाचं बघत असतील, मी मनात म्हटलं. आपल्याकडे मुलींचं शिक्षण थांबायला कारणांना काही तोटा नसतो. मी त्यातलं एक उचललं आणि मला तेवढं पुरलं.

यंदा जानेवारीत आमची लॅब रिकामी करायचं ठरलं. आता स्पॉटिंग पडद्यावर होतं, फोटो दाखवतात, बाटल्यांची गरज नाही. पेट्यांमध्ये भरून न्यायला ठेवलेल्या बाटल्यांत मला पिवळं झाकण दिसलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि बाटली ओढणीत गुंडाळून पर्समध्ये टाकली. आयुष्यातली पहिली चोरी. घरी नवऱ्याने टेबलावर ती बघून विचारलं, "बत्तीस वर्षांच्या सेवेबद्दल हेच दिलं का?"

तर त्या दिवशी पार्किंगमधून मी बशीत ताजा किडा आणला तो यासाठी. दोघांना शेजारी ठेवून भिंगातून बघायचं, एकदाचं ठरवून टाकायचं. ताजा बशीत ठेवल्याबरोबर मागे मागे सरकायला लागला. धूळ झटकली तेव्हा तो नीट दिसला. करडा-तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपके. पोट फुगीर, अंडाकृती, मऊ, आणि अंगभर पुढच्या बाजूला वळलेले राठ केस, म्हणूनच तर तो धुळीत घट्ट रुतून बसतो. सहा पाय, मागचे दोन आखूड आणि दणकट. मान बारीक. डोकं चपटं, चौकोनी. त्याच्यापुढे डोक्याहून लांब दोन जबडे, आणि प्रत्येकाच्या आतल्या कडेला दात. मी मोजले. एक, दोन, तीन. परत मोजले. दुसऱ्या बाजूलाही तीन. साठीला टेकलेली बाई स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून किड्याचे दात मोजत होती.

या अळीची आणखी एक गंमत आहे. तिला पोटातली घाण बाहेर टाकायला वाटच नसते. महिनोन् महिने, कधी कधी वर्षभराहून जास्त, जे खाल्लं त्याचा गाळ ती आत साठवते आणि पंख फुटल्यावर एकदाच मोकळी होते. हे वर्गात सांगितलं की पुढची दहा मिनिटं वर्ग हातातून जातो. त्या दिवशी मला ते आठवलं आणि अजिबात हसू आलं नाही.

मग मी बाटलीतला किडा दुसऱ्या बशीत, थोड्या पाण्यात काढला. आणि इथे सगळं फिस्कटलं. पोट फुटलेलं होतं. अंग लांबट वाटत होतं, पण ते मुळातच लांबट होतं की सुरकुतून तसं झालं होतं? बाजूंना काहीतरी पांढुरकं होतं. केसांचे झुबके? की कधीतरी चिकटलेला कापूस? एक जबडा गायब होता. उरलेल्या जबड्याची आतली कड गुळगुळीत दिसली. मग बशी फिरवली, प्रकाश दुसरीकडून पडला, तर मधोमध एक उंचवटा दिसला. दात? एकच? की मळ? टाचणीने हलवायला गेले आणि जबडा निखळून बशीतल्या पाण्यात तरंगायला लागला.

पेडणेकरमामा आता कुडाळजवळ गावी असतात. मी त्यांना फोन लावला, झाकणांचं विचारलं.

"मॅडम, खोटं कशाला बोलू, आता नाय आठवत. त्या वर्षी माझा चष्मा पण फुटलेला," ते म्हणाले. "आणि तो किडा मी नंतर दोनदा तरी बदललाय. मागच्या भिंतीकडचाच घालायचो नवीन. का हो? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"झाकण चुकलं असंल तरी तुम्ही बघितलं असालच ना, परीक्षेला लावायच्या आधी."

मी तब्येतीचं विचारून फोन ठेवला. म्हणजे माझ्यासमोर बशीत होता तो किडा बहुधा त्या परीक्षेतला नव्हताच. मामांना वाटलं मॅडम बघतील. मला वाटलं मामांना माहीत आहे. परीक्षकांना वाटलं एक्केचाळीस मुलं कशी चुकतील. आणि मुलांना झाकण पुरेसं होतं. इतक्या माणसांमध्ये सात नंबरकडे बघितलं फक्त एकीने, आणि तिने काय बघितलं हे आता शोधून काढायची सोय राहिलेली नाही. तू बरोबर होतीस, असं तिला सांगता येत नाही. चुकली होतीस, असंही नाही. तीन-चार दिवस मी या गोंधळात घालवले. मग लक्षात आलं की एक गोष्ट मला अगदी पक्की माहीत आहे, आणि ती जाणून घ्यायला भिंग लागत नाही.

मानपाडा रोडवर रस्त्याचं काम चालू आहे, रिक्षावाल्याने मला अलीकडेच सोडलं. धुळीतून चालत गेले. नर्सरीवर हिरवी जाळी ताणलेली, आत शिरल्यावर अंगाला एकदम ओल लागली. लाल मातीचा, ओल्या गोणपाटाचा वास. एक म्हातारी बाई बसून काळ्या पिशव्यांमध्ये माती भरत होती.

"कोन पायजे?"

"विशाखाच्या कॉलेजातली मॅडम मी."

"अगो बाय! बसा, बसा. इशाखा, बग कोन आलंय!"

विशाखा हात पुसत आली. थोडी भरली आहे अंगाने, केसांत एखादी पांढरी बट. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "मॅडम, तुम्ही? फोन करायचा ना, मी आले असते घ्यायला." मग तिने मला सगळी नर्सरी दाखवली. कढीपत्ता, मोगरा, कुंड्यांतली लिंबं. जास्वंदीच्या एका रोपापाशी ती थांबली, पान उलटं केलं.

"हे बघा ना मॅडम. मावा पडलाय, आणि त्यात हे असले किडे फिरतायत. मी फोटो काढून औषधवाल्याला पाठवलाय, अजून उत्तर नाही आलं त्याचं. काय असेल हे? मारायचं का?"

पानावर एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळती अळी होती. बाजूंना केसांचे झुबके. वाकड्या जबड्यांत मावा धरून ती चोखत होती.

"तुला नाही ओळखू येत?" मी विचारलं.

"मी नाही ठरवत मॅडम, माझं माझं. फोटोच पाठवते सगळ्याचे. उगाच चुकायला नको."

तिच्या आईने सरकवलेल्या स्टुलावर मी बसले. "विशाखा," मी म्हटलं, "तुमच्या परीक्षेत सात नंबरची बाटली होती."

"अँटलायन," ती लगेच म्हणाली. "तीन दात." तिला आठवून बघावं लागलं नाही.

"मी ते मोजले नव्हते."

"म्हणजे?"

"तू विचारलंस तेव्हा मी हो म्हटलं. पण मोजले नव्हते. बाटली उघडलीच नव्हती. झाकण बघून लिहिलं होतं मी, सगळ्यांसारखंच."

पाइपातून पाणी वाहून चाललं होतं. तिने जाऊन नळ बंद केला, परत आली.

"मग मी बरोबर होते?"

"ते आता नाही सांगता येत गं. झाकणं बदलली असतील. तो किडाही राहिला नाही. मला खरंच माहीत नाही."

ती जास्वंदीच्या पानाकडे बघत होती. "मॅडम, मी एमएस्सीचा फॉर्म भरून ठेवलेला," ती म्हणाली. "दिला नाही. म्हटलं, बाटलीत समोर ठेवलेलं मला दिसत नाही. मॅडमनी मोजलेत म्हणजे आहेत, आणि मला दिसले नाहीत. मग पुढे जाऊन काय करणार मी?"

"मला वाटलं घरच्यांनी..."

"घरचे तर मागे लागलेले, दे म्हणून. आई अजून बोलते."

आई पिशव्या भरता भरता थांबली होती. तिला किती कळलं कोण जाणे.

विशाखाचा आवाज चढला नाही. "मग तसं का सांगितलंत मॅडम? मोजले म्हणून?"

रिक्षात बसल्यापासून मी कारणं जुळवत आले होते. मार्कांचे कागद पुन्हा करावे लागले असते, डिपार्टमेंटचं नाव होतं, बाहेरचे परीक्षक होते, एक्केचाळीस मुलांचा प्रश्न होता. ती सगळी तोंडापर्यंत आली, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

"लाज वाटली," मी म्हटलं. "त्या दोघींसमोर नाही म्हणायची लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

याहून मोठं काहीतरी असेल, मी आता ते सांगेन, याची ती वाट बघत होती. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.